परकराचा ठपका

रुपाबाई आडेशी माझं कधी पटलं नाही, आणि हे अख्ख्या कामरगावाला ठाऊक आहे. बाजारओळीत माझं शिलाईचं दुकान, गावाबाहेर पायी जाण्याच्या अंतरावर तिचा तांडा. कितीतरी वर्षं ती माझ्याकडे येते, साड्यांना फॉल लावते, काज-बटन करते आणि भांडते. चहा पातळ झाला म्हणून भांडते, घट्ट झाला म्हणूनही भांडते. मीही काही गरीब गाय नाही. आमचे हे, हरीओम, म्हणतात की तुम्हा दोघींना एका खोलीत कोंडलं तर भिंतीच दार उघडून पळतील. तरी ती चार दिवस आली नाही की माझं कामात मन लागत नाही, आणि या गोष्टीचाही मला रागच येतो.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी तिनं एक परकर शिवायला टाकला आणि मलाच शिवण शिकवायला लागली. नेफा रुंद कर. नाडीची गाठ डाव्या अंगाला येऊ दे. आतून जुन्या लुगड्याचं मऊ कापड लाव. मी मशीन थांबवून तिच्याकडे बघत राहिले. तांड्यातल्या बाया दिवाळीनंतर ऊस तोडायला जातात. त्यांचे परकर मीच शिवते आणि त्यांचं मागणं नेहमी एकच असतं, नाडी जाड पाहिजे, सुताची पाहिजे, तुटायला नको. उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढायचं, तर कंबर आवळलेली लागते. आधी परकराची नाडी करकचून, तिच्यावर साडीचा खोचा आणि त्याच्यावर पुन्हा एक दोरी. रुपाबाई तर सुनेला सांगायची की श्वास घेता येत असेल तर अजून सैल आहे. अशा बाईला मऊ नेफा कशाला पाहिजे?

मी विचारलं. ती म्हणाली, तुझं काम शिवायचं, विचारायचं नाही. तेवढ्यात मला वास आला. वरून मलमाचा, आणि त्याच्या खालून दुसराच काहीतरी. मी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं आणि दाखव म्हणाले. तिनं माझा हात झटकला. मी पुन्हा धरला. ताकद तिची जास्त, वजन माझं. शेवटी वजन जिंकलं.

उजव्या कुशीवर, बरोबर नाडीच्या रेषेत जखम होती. रुपयाच्या नाण्याहून मोठी. कडा वर आलेल्या आणि कडक, मधला भाग फुलकोबीसारखा खडबडीत आणि ओला. माझं बोट नुसतं लागलं तर रक्त आलं. कधीपासून म्हणून विचारलं, तर म्हणाली दोन वर्षं झाली असतील. आधी तिथली कातडी काळी पडली, मग नुसती खाज यायची, मग साल निघायचं. खपली धरायची आणि मोळी उचलली की पुन्हा निघायची. हळद लावून झाली होती, बिब्ब्याचा चटका देऊन झाला होता. नवऱ्याला एकदा सांगितलं तर तो घामोळं म्हणाला. सुनेला दाखवायची लाज, आणि दवाखान्यात पुरुष डॉक्टर असला तर त्याच्यासमोर लुगडं कोण सोडणार?

मला दया आली नाही, राग आला. रोज माझ्यासमोर बसून ही बाई साखर कमी पडली म्हणून डोकं खाते, आणि अंगावर हे वागवते तेव्हा तोंडाला कुलूप.  मी तिला मूर्ख म्हणाले. आणखीही बरंच म्हणाले, ते इथं लिहिण्यासारखं नाही. तिनंही ते मला माझ्या माहेरासकट परत केलं.

दुसऱ्या दिवशी मी तिला कारंज्याला दवाखान्यात नेलं. नेलं म्हणजे जीपमध्ये ढकललं. नशिबानं डॉक्टर बाई निघाल्या, वयानं आमच्या मुलींएवढ्या. त्यांनी जखम पाहिली, दोन्ही जांघा दाबून पाहिल्या, सुन्न करायचं इंजेक्शन देऊन जखमेचा एक लहानसा तुकडा काढला आणि तपासायला पाठवला. काही दिवसांनी परत बोलावलं. आम्हा दोघींना समोर बसवून त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं की हा चामडीचा कॅन्सर आहे. ऐकायला भयंकर वाटतं, पण चामडीच्या कॅन्सरमध्ये हा नेहमी दिसणारा प्रकार आहे. वरच्या थरातल्या पेशी बिघडतात आणि आवरेनाशा वाढतात. एकाचा दुसऱ्याला लागत नाही, एका ताटात जेवलं तरी नाही. जी जखम महिनाभरात भरत नाही, खपली धरते आणि पुन्हा रक्त येतं, ती कुठंही असो, दाखवायचीच. सध्या रोग कंबरेपुरता आहे, जांघेत गाठ लागत नाही. भोवतालच्या थोड्या चांगल्या चामडीसकट कापून काढला की बहुतेक जण बरे होऊन घरी जातात. थांबलं तर तो जांघेतल्या गाठींत उतरतो, आणि मग डॉक्टरांच्याही हातात फार राहत नाही. ऑपरेशन अमरावतीला होईल, सरकारी योजनेत बसेल, तारीख मी लावून देते, असंही त्या म्हणाल्या.

रुपाबाईनं एकच गोष्ट विचारली. "पन झालं कायनं?"

डॉक्टरबाईंनी खरं ते सांगितलं. उन्हानं होतो, जुन्या भाजलेल्या जागी होतो, वर्षानुवर्षं न भरलेल्या जखमेत होतो. तुमच्या बाबतीत नाडी. एकाच जागी रोज घासून चामडी काळी पडते, सोलते, तिथं जखम होते, आणि ती भरायच्या आत पुन्हा नाडी आवळली जाते. आता कंबरेला काही बांधू नका, गाऊन घाला. त्यानंतरही त्या ऑपरेशनचं आणि पुढच्या तपासण्यांचं बोलत होत्या. पण रुपाबाईला पाहिजे होतं ते मिळालं होतं. तिनं मान वळवली आणि माझ्याकडे पाहिलं.

 जीपमध्ये बसल्याबरोबर म्हणाली की तुझ्या नाडीनं केलं. मी म्हणाले, जाड नाडी पाहिजे म्हणून माझ्या डोक्यावर कोण बसायचं? ती म्हणाली, तू शिलाईवाली, तुला कळायला नको? वाटेतलं धनज गाव येईपर्यंत आम्ही एकमेकींची सात पिढ्यांची धुणी धुतली. ड्रायव्हरनं लावलेलं गाणं बंद केलं, आमचं नीट ऐकू यावं म्हणून.

पुढच्या चार दिवसांत तिनं जो विचार पक्का केला, तो अख्ख्या तांड्याला पटला. रोग नाडीनं झाला, हे डॉक्टरीण स्वतः म्हणाली. म्हणजे नाडी सोडली की रोग गेला. मग कापायचं कशाला? तिनं गाऊन घातला, जखमेवर हळद भरली आणि ओट्यावर बसून राहिली. आता घासणंच थांबलं तर कुठलीही जखम वरून जरा सुकणारच. तिचीही सुकली. खपली धरली. ती खपली पाहायला तांड्यातल्या बाया अशा येऊन गेल्या की जणू घरात बाळ जन्मलंय.

तिचा नवरा गोपीचंद याला तर हे सगळ्यांत आधी पटलं. उसतोडीत कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एक जण घरी राहिला तर अर्धा कोयता, आणि अर्ध्याला मुकादम विचारत नाही. त्यानं मुकादमाला जोडीचा शब्द देऊन ठेवला होता. ऑपरेशनची तारीख पडली दिवाळी झाल्यावरच्या सोमवारी, आणि ट्रक निघणार होता त्याच्या आधीच्या शनिवारी. परत येणार होळीला. डॉक्टरबाईंनी थांबू नका म्हटलं होतं, आणि ही माणसं होळीनंतर बघू म्हणत होती. मी तांड्यात गेले की विषय निघायचा, आवाज चढायचे आणि मी पाय आपटत परत यायचे. असं किती वेळा झालं कोण जाणे.

एका बाजाराच्या दिवशी गोपीचंद माझ्या दुकानात आला. बसला नाही. दारातच उभा राहिला, म्हणजे रस्त्यावरच्यांनाही लाभ व्हावा.

"माह्या बायकोले तुया परकरानं कॅन्सर देल्ला," तो ओरडला. "आन् आता तूच तिले कापाले नेऊन राह्यली?"

बाजारात भाजी घेणाऱ्यांनी भाजी सोडली. मी त्याला कात्री दाखवून हाकललं, पण जे व्हायचं ते झालं होतं. दुसऱ्या दिवसापासून बाया परकर परत आणायला लागल्या. एकीनं विचारलं, सुताला काही विषारी रंग असतो का? एक जण न धुतलेला, न घातलेला, दोन वर्षांपूर्वीचा परकर घेऊन आली. मी म्हणाले, नाडी काढते, इलॅस्टिक लावून देते. तर त्या एकमेकींकडे बघून म्हणाल्या, म्हणजे नाडीत काहीतरी होतंच.  दिवाळीच्या तोंडावर माझ्या दुकानात ब्लाउजसुद्धा येईनात.

हरीओम म्हणाले, तू सरळ सांग की नाडीचा काही संबंध नाही. डॉक्टर असं म्हणालीच नाही म्हण. तिथं तुम्ही दोघीच होत्या, कोण विचारायला जातंय? दुकान वाचेल, आणि कारण दुसरंच आहे म्हटल्यावर ती बाईही कदाचित कापून घ्यायला तयार होईल. ते असं गोड बोलले की मला एक संध्याकाळभर पटलंही. पण नाडीनंच झालं होतं ना. माझ्याच नव्हे, कोणाच्याही नाडीनं झालं असतं, तितकी आवळल्यावर. नाडी निर्दोष आहे असं मी सांगायचं आणि तांड्यातल्या बाकीच्या बायांनी पुन्हा दोऱ्या करकचायच्या, हे मला जमणारं नव्हतं. मी उलट केलं. परकर परत आणणाऱ्या प्रत्येक बाईला धरून सांगितलं की सैल बांध, गाठीची जागा बदलत जा, कंबर काळी पडून सोलायला लागली तर दाखव. त्यामुळे उरलेल्या दोन-तीन गिऱ्हाइकांनीही यायचं सोडलं.

शनिवारी सकाळी मी पुन्हा तांड्यात गेले. ट्रक येऊन उभा होता. गाठोडी, पातेली, कोंबड्यांचं खुराडं, पाय बांधलेल्या शेळ्या, सगळं चढत होतं. रुपाबाई गाऊनमध्ये ओट्यावर बसून कोयत्यांच्या मुठींना चिंध्या गुंडाळत होती. मी दिसल्यावर कोणी या म्हणालं नाही. आत सून रंजीता भांडी भरत होती, आणि एक ताट, एक गिलास कोपऱ्यात वेगळा ठेवलेला होता. मी विचारलं, हे कोणाचं? ती खाली मान घालून म्हणाली की घरात लहान लेकरू आहे. मला कळलं. मी तो गिलास उचलला, माठात बुडवून भरला, तिच्यासमोर गटागटा प्याले आणि बाकीच्या भांड्यांत आपटला.  रंजीतानं तो पुन्हा बाहेर काढला नाही, एवढं मी पाहिलं.

रुपाबाईनं मला आत ओढलं आणि गाऊन वर करून खपली दाखवली. डोळे असे चमकत होते, जणू मी हरले आणि ती जिंकली. मी वाकून पाहिलं. मधे सुकलं होतं खरं. पण कड आणखी पुढे सरकली होती आणि हाताला दगडासारखी लागत होती. मी तेच सांगितलं. ती म्हणाली, मला बरं झालेलं तुला बघवत नाही. तुला फक्त तुझ्यावरचा ठपका काढायचाय. मी म्हणाले, ठपका माझ्यावरच राहू दे, जन्मभर राहू दे, गावात दवंडी पिटव, पण सोमवारी चल. तिनं गाऊन खाली सोडला आणि बाहेर जाऊन पुन्हा चिंध्या गुंडाळायला लागली.

मग मी गोपीचंदला गाठलं. तो शेती करणारा माणूस, त्याला त्याच्या भाषेत सांगावं म्हणून मी रस्ताभर एक दाखला जुळवत आले होते. म्हणाले, "शेतात डुक्कर शिरलं, आन् मंग तू कुंपन बांधलं, तं डुक्कर कुठं राह्यते? अंदरच राह्यते ना? नाडी सोडली म्हंजे कुंपन बांधलं. अंदर शिरलं ते कोन काढन?"

मला वाटलं, आता तरी याच्या डोक्यात उजेड पडेल. त्यानं हातातलं गाठोडं खाली ठेवलं आणि चार घरांना ऐकू जाईल असं म्हणाला की ही माझ्या बायकोला डुक्कर म्हणते. झालं. त्याचा मुलगा, नवीन नाव त्याचं, ट्रकवरून उतरला. शेजारच्या बाया आल्या. डुक्कर हा शब्द तांडाभर पसरला आणि दाखल्यातलं बाकी सगळं जागच्या जागी मेलं. गोपीचंदनं माझ्या चपला ओट्याखालून उचलल्या आणि रस्त्यावर फेकल्या.

मी अनवाणीच उभी राहिले. माझं डोकं गेलं होतं. मी रुपाबाईकडे वळून म्हणाले, "जाय मंग. फडातच मर."

प्रवासाला निघणाऱ्या माणसाला असं कोणी बोलत नाही.  शेळ्याही ओरडायच्या थांबल्या असं मला वाटलं, पण त्या ओरडत असतील. रुपाबाई उठली. तिच्या हातात कोयता होता आणि तो तिनं ठेवला नाही.

"मी एकटी पडू का तिथं?" ती म्हणाली. "हे सारे जातीन तोडाले. तांड्यात म्हातारे राह्यतीन. मले कापतीन, टाके घालतीन, आन् पान्याचा गिलास कोन देईन मले? तू रोज येतं आन् म्हनतं, जाय, जाय, जाय. आजवर कोनी म्हनलं का, की मी येतो?"

गोपीचंद आपल्या पायांकडे बघायला लागला. मला मात्र आधी रागच आला, कारण मी जाणारच होते. अर्थात जाणार होते. डबा कोणता न्यायचा, हरीओमच्या जेवणाचं कोण बघेल, इथपर्यंत माझं ठरलं होतं. फक्त ते तिला तोंडानं सांगावं लागतं, हे मला सुचलंच नव्हतं. इतकी भांडणं केली, इतक्या शिव्या दिल्या, आणि हे एवढंसं वाक्य राहून गेलं. 

"मी येतो," मी म्हणाले.

"आन् दुकान?"

"दुकानात आता कोन येते? तुया नवऱ्याची किरपा."

 तिनं कोयता नवीनच्या हातात दिला आणि ती आत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात कपड्यांची पिशवी होती. ट्रक तिच्याशिवाय निघाला. गोपीचंद मुलासुनेच्या आधारानं जे मिळेल ते काम करीन म्हणाला आणि चढला. जाताना त्यानं बायकोकडे बराच वेळ पाहिलं, माझ्याकडे पाहिलं नाही. माझ्या चपलांपैकी एक ट्रकच्या चाकाखाली गेली होती.

अमरावतीच्या दवाखान्यात आमचं भांडण पुन्हा जोरात सुरू झालं, आणि खरं सांगते, मला त्यानं बरं वाटलं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तिथले मोठे डॉक्टर आले. त्यांनी विचारलं, सोबत कोण आहे? रुपाबाईनं माझ्याकडे बोट केलं. या तुमच्या कोण, म्हणून त्यांनी पुन्हा विचारलं. बहीण, जाऊ, शेजारीण, काहीही म्हणता आलं असतं.

"दुश्मन हाय माही," ती म्हणाली. "पन काई विचाराचं असन तं हिलेच विचारा. ही जात नाही कुठं."

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी सगळं मलाच समजावून सांगितलं, किती कापणार, चामडी कशी ओढून शिवणार, जांघेची सोनोग्राफी चांगली आली आहे ते. मी माना डोलावत होते आणि दुश्मन या शब्दावर मनातल्या मनात जळत होते.

ऑपरेशन झालं. त्यानंतर आमच्यामुळे त्या वॉर्डाला शांतता अशी मिळाली नाही. टाके ओढतात म्हणून ती मला शिव्या द्यायची, खाजवू नको म्हणून मी तिचा हात धरून ठेवायचे. दवाखान्यातली खिचडी तिला जनावरांचं खाणं वाटायची. मी बाहेरून भाकरी-ठेचा आणला तर मलमपट्टीवर तिखट चालतं का म्हणून माझीच उलटतपासणी. शेजारच्या खाटेवरची बाई आम्हाला जावा समजत होती. नर्सनं तर एकदा दोघींनाही बाहेर काढायची धमकी दिली. पण पाण्याचा गिलास तिला मागावा लागला नाही. मी तो तिच्या हातात द्यायचे आणि ती म्हणायची, किती भरलाय, अंगावर सांडेल.

काही दिवसांनी कापलेल्या तुकड्याची तपासणी आली. डॉक्टर खाटेपाशी थांबून म्हणाले की चारी बाजूंच्या कडा स्वच्छ आहेत, रोग सगळा निघाला आहे. आणखी काही करायची सध्या गरज नाही. दर तीन महिन्यांनी दाखवायला यायचं, टाक्यांची जागा आणि जांघ स्वतः हातानं तपासत जायची, नवीन काही उगवलं तर वाट बघायची नाही. कंबरेला नाडी आता कधीच नाही. ते पुढच्या खाटेकडे गेले. मी पिशवी आवरायला घेतली. रुपाबाई भिंतीकडे तोंड करून पडली होती. मला वाटलं झोपली.

"म्हंजे," ती भिंतीकडेच बघत म्हणाली. "मी मरून राह्यली व्हती का?"

"हो," मी म्हणाले. "थांबली असती तं मेली असती."

ती या कुशीवर वळली. टाक्यांमुळे तिला वेळ लागला.

"मंग तू मले सांगतलं काहून नाही?"

पिशवी माझ्या हातातून सुटली. दोन महिने. माझं दुकान बसलं, माझी चप्पल गेली, भर बाजारात माझी अब्रू निघाली, आणि ही बाई विचारते सांगितलं का नाही. मी तिला सगळं ऐकवलं. जीपमध्ये काय म्हणाले, दुकानात काय म्हणाले, तांड्यात किती वेळा येऊन काय काय म्हणाले. डुकराचा दाखलासुद्धा पुन्हा ऐकवला. सगळा वॉर्ड ऐकत होता. तिनं मला मधे तोडलं नाही, आणि ती कधी तोडल्याशिवाय राहत नाही.

माझं संपल्यावर ती हळूच म्हणाली, "तू सांगत नोती. तू भांडत व्हती."

याच्यावर माझ्याकडे उत्तर होतं. माझ्याकडे नेहमीच असतं. पण तिनं माझं मनगट धरलं होतं आणि ती ते सोडत नव्हती.  मी स्टूल जवळ ओढलं आणि बसले. आवाज खाली आणला. आपल्याला इतका खालचा आवाज येतो हे मलाच नवीन होतं.

"रुपे," मी म्हणाले, "तुले चामडीचा कॅन्सर झाला व्हता."

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू हे ती आत्ता पहिल्यांदाच ऐकत होती. मग ती रडायला लागली, आणि मी पहिल्यापासून सांगत गेले.